मधल्या थरातलं वटवाघूळ

आमच्या गच्चीवर गुहेतली माती आली, तेव्हा शेजारीण कठड्यावरून डोकावून म्हणाली, "काय लावताय कुंड्यांत?"

मी म्हटलं, "वटवाघळं."

त्यानंतर बरेच दिवस ती आमच्याकडे चहाला आली नाही.

खोटं नव्हतंच ते. आमची लेक संग्रहालयात हाडांच्या विभागात काम करते. लहानपणापासून एका जागी बसणं तिला ठाऊक नाही, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. तीच भिंगरी आता भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढा दात ठेवून दिवसभर मान वर करत नाही. देवानं तिला पकडून बसवायला शेवटी वटवाघळं धाडली, असं मी म्हणते.

गावाबाहेर एक बोडकी टेकडी आहे आणि तिच्या पोटात गुहा. तिथं हजारो वर्षं वटवाघळं छताला लटकत आली. मेलं की खाली पडायचं, त्यावर धूळ बसायची, वरून चुन्याचं पाणी ठिबकायचं. असे थरावर थर. भिंगरीनं तिथं एक खड्डा खणला होता, उभ्या विहिरीसारखा अरुंद. त्यात तीन थर लागले. माती तिन्हींची सारखीच, मातकट. मधे फक्त चुन्याचा पापुद्रा, करपलेल्या दुधाच्या सायीसारखा. त्यावरून कळायचं की इथं एक काळ संपला आणि दुसरा सुरू झाला.

मी तिला एकदा विचारलं होतं, "मेलेल्या वटवाघळाच्या दातावरून तुला काय कळतं गं?"

ती म्हणाली, "आई, तुझ्या स्वयंपाकघरातले डबे उघडले की कळतं ना, या घरात काय शिजतं ते? तसंच. काही वटवाघळं उघड्या माळावर उडतात. काही दाट झाडीतच राहतात, पानावर बसलेला किडा अलगद उचलून खातात. झाडी गेली की ती जातात. ज्या थरात त्यांचे दात, त्या काळी बाहेर जंगल होतं. आणि जंगल होतं म्हणजे पाऊस होता."

वरच्या थरात सगळी माळावरची निघाली. त्याचं कुणाला नवल नव्हतं, टेकडी आजही तशीच आहे, शेळीलासुद्धा तोंड घालायला काही नाही. भिंगरीला छळणारा प्रश्न वेगळा होता. ही टेकडी एकदा वाळली ती कायमचीच, की मधे कधी पाऊस परत आला होता? त्याचं उत्तर मधल्या आणि खालच्या थरात होतं. आणि त्या दोन थरांची माती आता दोन पोत्यांत आमच्या गच्चीवर होती, कारण संग्रहालयातले नळ दुरुस्तीला काढलेले होते. गुहेचं तोंड तोवर जाळी लावून बंद झालं होतं, छताचे दगड निसटत होते म्हणून. म्हणजे आणखी माती मिळायची सोय नव्हती. होतं ते एवढंच.

संग्रहालयात नवं दालन लागत होतं. त्यात एक काचेचं कपाट भिंगरीच्या गुहेसाठी राखलेलं होतं. पण हाडांच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी तिला बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत पक्कं काय ते सांग. नाहीतर तिथं शंखशिंपले जातील. ते बिचारे केव्हापासून पेटीत पडलेत."

जावईबापूंची बेकरी आहे. पोती त्यांचीच, मैद्याची, धुऊन घेतलेली. वाळवायचे ट्रेही त्यांचेच. चाळण्या मात्र संग्रहालयाच्या. जावईबापू म्हणाले होते, "चाळणी तुमची राहू दे. पावात दात निघाला तर माझं दुकान बसेल."

आता आमच्या यांच्याबद्दल. हे, म्हणजे भिंगरीचे बाबा, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. गावातल्या अर्ध्या दुकानांवर यांचं अक्षर आहे. अक्षराला सावली द्यावी तर यांनी, लोक हात लावून बघत की खरंच उचललेलं आहे का. मला लिहायला शिकवलं तेही यांनीच, केस पांढरे झाल्यावर, तेही कुंचल्यानं. त्यामुळे माझा 'अ' अजून शिंप्याच्या दुकानावर टांगण्याएवढा येतो. वाईट अक्षर दिसलं की यांना दात दुखल्यासारखं होतं.

भिंगरीच्या पोत्यांत पुठ्ठ्याचे तुकडे होते. त्यांवर पेन्सिलीनं खरडलेलं, 'मधला', 'खालचा', आणि पुढे काही आकडे. हाडांच्या लोकांची ती रीतच आहे. शाई नाही, रंग नाही, फक्त पेन्सिल. ही रीत यांना कुणी सांगितली नव्हती. आणि यांनी विचारली नव्हती.

माती धुवायच्या दिवशी भिंगरी संग्रहालयात होती. मी आणि जावईबापू धुणार होतो. आम्ही वर जायच्या आधीच हे गच्चीवर एक चक्कर मारून आले होते. पोत्यांतल्या त्या कळकट चिठ्ठ्या काढून यांनी नवे पुठ्ठे कापले आणि त्यांवर लाल अक्षरात, काळी सावली देऊन, 'मधला' आणि 'खालचा' असं झोकात लिहून आत सारलं. जुन्या चिठ्ठ्या जावईबापूंच्या जळणाच्या टोपलीत टाकल्या. तेलाचा रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून शाळकरी पोरं वापरतात तसला पाण्याचा रंग घेतला होता.

पुढचं सांगायला नकोच. आम्ही पोती बादल्यांत रिकामी केली, चिठ्ठीसकट. माती भिजली. मग चाळणीत घालून वरून पाण्याची धार. माती वाहून गेली आणि खाली राहिले खडे, हाडं, आणि प्रत्येक चाळणीत एक गुलाबी झालेला पुठ्ठा. मला वाटलं, गुलाबी चिठ्ठ्या ही संग्रहालयाची नवी पद्धत असेल. जावईबापूंना वाटलं, मला ठाऊक असेल. आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. दोन ट्रे भरले. ऊन आलं की हाडं तडकतात, म्हणून ते सावलीत हलवले, मग पुन्हा हलवले.

संध्याकाळी भिंगरी आली ती तडक गच्चीवर गेली. भिंग डोळ्याला लावून पहिल्या ट्रेवर वाकली. सगळी माळावरची. दुसऱ्या ट्रेवर वाकली आणि तशीच राहिली. मी पायरीवरून बघत होते. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. जवळ गेले तर हसत होती.

"आई, जंगलातलं आहे. हा बघ जबडा. आणि हा. आणखी एक. ही सगळी झाडीतली आहेत." मग ती म्हणाली, "हा ट्रे कुठला? मधला की खालचा?"

तेवढ्यात हे चहाचे कप घेऊन वर आले. तोंडभर हसून म्हणाले, "काय, चिठ्ठ्या वाचता आल्या ना या वेळी?"

भिंगरीनं ट्रेमधला गुलाबी पुठ्ठा उचलला. उलटा केला. सुलटा केला. मग यांच्याकडे बघितलं.   यांनी कप कठड्यावर ठेवले.

"पेन्सिलीचे कुठे आहेत, बाबा?"

"भट्टीत गेले असतील," जावईबापू हळूच म्हणाले. "सकाळीच पाव काढले."

मग आमची जुंपली. मी म्हटलं, हा जंगलवाला ट्रे आधी भरला, तो मधला. जावईबापू म्हणाले, छे, कठड्याकडचा आधी, मी स्वतः उचलला. मी म्हटलं, तुम्ही उचलला तो उन्हातून सावलीत नेताना. ते म्हणाले, तो तर दुसरा. भिंगरीनं दोन्ही हात वर केले.

"तुम्ही दोघं शपथेवर सांगितलंत तरी ते मला लिहिता येणार नाही. जंगलवाला ट्रे खालचा असेल तर गोष्ट साधी आहे. आधी झाडी होती, मग वाळली, संपलं. मधला असेल तर टेकडी वाळलेली होती आणि पाऊस परत आला होता. दोन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत. मी अंदाजानं कुठली सांगू?"

त्या रात्री हे जेवले नाहीत. सकाळी बघते तर कुंचल्यांचा डबा माळ्यावर, जुन्या गादीच्या मागे. मी म्हटलं, "अहो, डब्यानं काय केलं?" हे भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली. लेकीचं एक काम होतं, ते पुसलं."

शुक्रवारी मोठ्या बाई घरी आल्या. उंच, ताठ, चष्म्याला दोरी. त्यांनी दोन्ही ट्रे पाहिले, गुलाबी पुठ्ठे पाहिले आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "ठिकाण गेलं की हाड गेलं. दागिना आहे, पण कुणाचा ते माहीत नाही, असं झालं हे." यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं अक्षर मात्र सुरेख असणार. आमच्या केमिस्टची पाटी तुमचीच ना?" हे आणखी खाली बघायला लागले.

भिंगरी मघापासून दोन्ही ट्रेंभोवती फिरत होती. आता थांबली.

"बाई, राखीव बरण्या आहेत."

ही त्या लोकांची आणखी एक रीत. खणताना प्रत्येक थरातली ओंजळभर माती न धुता बरणीत बंद करून ठेवतात. पुढे कधी नवी युक्ती निघाली, तर कुणीतरी ती माती तपासेल म्हणून. त्या बरण्या उघडायच्या नसतात. किल्ली मोठ्या बाईंकडे.

"त्या आपल्यासाठी नाहीत," बाई म्हणाल्या. "आपल्यानंतरच्यांसाठी आहेत."

"अर्धीच. फक्त मधल्या थराची. अर्धी पुढच्यांना राहील."

"आणि ओंजळीत जंगलवालं निघालं नाही तर? नाही निघालं याचा अर्थ तिथं नव्हतं असा होत नाही."

"मला जंगलवालं नकोच आहे," भिंगरी म्हणाली. "मला ताजी तूट हवी आहे."

मग तिनं आम्हाला समजावलं, आणि बाई मान डोलवत ऐकत राहिल्या. गुहेत पडून जे हाड जुन्या काळीच मोडलं, त्याची मोडलेली कडाही मातीच्या रंगाची होते. पण खुरप्याचा धक्का लागून खणताना मोडलं, तर कड पांढरी राहते, नुकत्या फुटलेल्या बशीसारखी. आणि खणताना मोडलेल्या हाडाचा दुसरा तुकडा जवळच पडतो, त्याच थराच्या मातीत, त्याच पोत्यात. बरणीत पांढऱ्या कडेचा तुकडा मिळाला आणि त्याचा जोडीदार या दोन ट्रेंपैकी एकात सापडला, तर तो ट्रे मधला. मग कुणाच्या आठवणीवर विसंबायला नको.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चल," म्हणाल्या. "अर्धीच."

दुपारी त्या दोघी बरणीसकट परत आल्या. बरणीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं 'मधला' लिहिलेलं होतं. यांनी ती लांबूनच वाचली आणि मान हलवली. अक्षर वाईट होतं, पण जागेवर होतं.

अर्धी माती धुतली. या वेळी आम्ही चौघं चाळणीकडे असं बघत होतो, जणू दुधाची भांडी गॅसवर आहेत. चमचाभर हाडं निघाली. जंगलातलं एकही नाही, सगळे बारीक चुरे.  भिंगरी भिंग लावून एकेक बाजूला सारत होती.  शेवटी चिमट्यात एक तुकडा धरून तिनं तो खिडकीच्या उजेडात नेला. खालच्या जबड्याचा पुढचा भाग, दोन दातांसकट. आणि मागची कड पांढरीशुभ्र.

"आता याची बायको शोधायची," जावईबापू म्हणाले.

"बायको नाही, पाठ," भिंगरी म्हणाली. "मागचा भाग. वाकडा असतो, कोयत्यासारखा. आणि कड पांढरी."

बाईंनी शिस्त लावून दिली. खिडकीकडचं टेबल जंगलवाल्या ट्रेचं, दाराकडचं दुसऱ्याचं. या टेबलावरचा कण त्या टेबलावर जायचा नाही. ज्यानं ज्या टेबलाला हात लावला, त्यानं तिथंच बसायचं, चहासुद्धा तिथंच. मी आणि भिंगरी दाराकडे. जावईबापू खिडकीकडे.

पण चिमट्यानं काम होईना. जावईबापूंचा हात कणीक मळण्याचा, पहिल्याच फटक्यात त्यांनी एक दात उडवला आणि तो माझ्या केसांत सापडला. मी म्हटलं, "टेबल बदललं हो याचं, आता काय करायचं?" बाईंनासुद्धा हसू आवरलं नाही. तो दात त्यांनी रीतसर खिडकीकडे परत नेऊन ठेवला.

भिंगरी उठली आणि आतल्या खोलीत गेली. तिथं हे खाटेवर बसले होते.

"बाबा, तुमचा सगळ्यात बारीक कुंचला कुठे आहे? सावलीची कड ओढता तो."

"कशाला?"

"ओल्या कुंचल्याच्या टोकाला हाड आपोआप चिकटतं. दाबावं लागत नाही, मोडत नाही. संग्रहालयात आम्ही असंच उचलतो, पण आमचे कुंचले झाडूसारखे आहेत."

"मी तुझ्या कामाला हात लावणार नाही."

"हात नका लावू. कुंचला लावा."

 मग मी दारातून म्हटलं, "माळ्यावर गादीच्या मागे आहे डबा. मीच काढू का? मला खोकला येईल, आणि मग महिनाभर ऐकवेन."

यांनी डबा काढला. कुंचले मोजून, पुसून बाहेर आणले. एक जावईबापूंना दिला, तोही जीव तुटल्यासारखा. स्वतः खिडकीकडच्या टेबलाला बसले. कुंचला पाण्यात बुडवला, टोक ओठांवर नेणार, तोच बाई म्हणाल्या, "चाटू नका. ती वटवाघळाची माती आहे." जन्मभराची सवय. त्या दिवशी मला वाटतं पन्नास वेळा तरी यांचा हात ओठांपर्यंत गेला आणि परत आला.

पण काय सफाईनं काम चाललं! हे एकेक तुकडा टोकावर घेत, उजेडात फिरवत आणि ओळीत मांडत. बघता बघता टेबलावर हाडांच्या रांगा लागल्या, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. जावईबापू म्हणाले, "बाबा, आता यांना सावली द्या." आणि हे त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा हसले. थोडंच, पण हसले.

मोठ्या बाई देखरेखीला म्हणून मधे उभ्या होत्या. उभ्या उभ्या जरा वाकल्या. मग आणखी वाकल्या. मग म्हणाल्या, "सरका जरा," आणि खिडकीकडच्या बाकावर यांच्या शेजारी बसल्या. त्यानंतर त्या उठल्याच नाहीत. चहा गार झाला. उजेड तिरपा होत टेबलाच्या काठावर आला. आमच्या दाराकडच्या ट्रेमध्ये पांढऱ्या कडेचे दोन तुकडे निघाले. भिंगरीनं दोन्ही लावून बघितले. एक फार जाड, दुसरा उजव्या बाजूचा, आपल्याला हवा डावा. प्रत्येक वेळी सगळे श्वास धरून बसत आणि प्रत्येक वेळी सोडत.

"हे बघा बरं," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीवाल्याला वजन दाखवतात तसा.

यांनी कुंचल्याच्या टोकावर तो तुकडा घेतला. कोयत्यासारखा वाकडा. पांढरी कड. यांनी तो फिरवला आणि बरणीतला तुकडा बशीत ठेवला होता त्याच्याजवळ धरला. पाटीवर दोन वेळांत काढलेली अक्षराची रेघ जुळवतात तसा. भिंगरीनं भिंग आणलं. बाईंनी भिंग आणलं. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

"बसलं," हे म्हणाले. भिंगाशिवायच.

बसलं होतं. मधे केसाचीही फट नव्हती. इकडची दातेरी कड तिकडच्या खाचेत अशी गेली होती की भिंगाखालीही जोड शोधावा लागला.

 मग जावईबापूंनी विचारलं, "म्हणजे खिडकीकडचा ट्रे मधला?"

"मधला," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे मी म्हणत होते तेच," मी म्हटलं.

"आई, तू अंदाजानं म्हणत होतीस."

"बरोबर अंदाजानं."

भिंगरीनं बाबांना मागून मिठी मारली, तेव्हा यांच्या हातात अजून कुंचला होता आणि कुंचल्यावर तो जबडा. हे म्हणाले, "अगं हळू, पडेल," आणि तरी हलले नाहीत. टेकडी वाळली होती. आणि मग तिच्यावर पुन्हा झाडं आली होती, इतकी दाट की पानावरचे किडे टिपणारी वटवाघळं कुठून कुठून येऊन त्या गुहेत लटकली. किती शे वर्षं ते भिंगरीचे लोक अजून मोजताहेत. मला तेवढं पुरे आहे. आता मी गच्चीवरून त्या बोडक्या टेकडीकडे बघते तेव्हा ती मला पूर्वीइतकी बोडकी दिसत नाही.

बाई जायला निघाल्या. दारात चप्पल घालता घालता यांना म्हणाल्या, "कपाटावर पाटी लागेल. वर मोठ्या अक्षरात 'पाऊस परत आला होता', आणि खाली बारीक माहिती. लिहाल?"

हे लाजले. म्हणाले, "लिहीन की."

"तेलाच्या रंगात," बाई म्हणाल्या. "आणि शंखशिंपल्यांची माफी मी मागते."

एक काम राहिलं होतं, बरणीतली उरलेली अर्धी माती परत सीलबंद करायचं. जुनी चिठ्ठी धुतलेल्या हाडांबरोबर जाणार, म्हणून तिच्यासाठी नवी हवी होती. भिंगरीनं यांच्यापुढे पुठ्ठा आणि पेन्सिल ठेवली. यांनी पेन्सिलीला टोक काढलं, जीभ बाहेर काढून बराच वेळ वाकून बसले आणि लिहिलं, 'मधला'.

बाई चष्मा वर करून बघत राहिल्या. पेन्सिलीनंच लिहिलं होतं, रीत पाळली होती. फक्त प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे, अगदी हलक्या हातानं, यांनी सावली दिली होती.